जादा फलंदाज देऊन पिचर आणताना या चुका टाळा : सिनसिनाटीची साठ वर्षं

आमच्या बारा जणांच्या बेसबॉल फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर खेळायचा कागदावरचा खेळ) मी एकदा एप्रिलमध्ये तिसऱ्या बेसवरचा एक गडी देऊन पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, घेतला. त्या जागेवर माझ्याकडे दोघं होते आणि पिचिंग लंगडं होतं. व्यवहार इतका सरळ वाटला की जेवता जेवता फोनवरच उरकला. मे संपायच्या आत माझ्याकडे राहिलेल्या गड्याचं मनगट मोडलं आणि नव्या पिचरचं कोपर सुजलं. दिलेला गडी मात्र सप्टेंबरपर्यंत होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, मारत राहिला. ज्या मित्राने तो नेला, तो दर रविवारी मला व्हॉट्सॲपवर काही न लिहिता हात जोडल्याचा इमोजी पाठवायचा.

तेव्हापासून असे सौदे मी जरा बारकाईने बघायला लागलो. ओहायोत राहत असल्यामुळे घरचा संघ सिनसिनाटी रेड्स, आणि या सौद्याचा अभ्यास करायला याच्याइतका चांगला संघ नाही. ओहायो नदीच्या काठावरचं त्यांचं २००३ मध्ये उघडलेलं मैदान आखूड आहे. तिथे चेंडू सहज कुंपणापलीकडे जातो, म्हणून फलंदाज फुलतात आणि पिचर कोमेजतात. सवय मात्र मैदानापेक्षा जुनी आहे. १९६५ पासून आजपर्यंत या संघाने 'फलंदाज द्या, पिचर घ्या' हा खेळ इतक्या वेळा केलाय की एका संघाच्या इतिहासात जवळजवळ सगळ्या चुका सापडतात, आणि एक-दोन नमुनेदार यशही.

आधी एक हिशेब डोक्यात ठेवा. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना पिचरचं वजन माहीत असतं, पण नुसत्या क्रिकेटवर वाढलेल्यांना ते उमगायला वेळ लागतो. वनडेत एका गोलंदाजाला फार तर दहा षटकं, म्हणजे डावाचा पाचवा हिस्सा. बेसबॉलचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) आपल्या दिवशी नऊपैकी पाच-सहा इनिंग एकटा टाकतो आणि पुढचे चार दिवस बसून असतो. हंगाम १६२ सामन्यांचा. नऊने गुणलं की १,४५८ इनिंग, आणि त्या कुणीतरी टाकायच्याच असतात. वर्षाला १८० इनिंग देणारा पिचर त्यातला आठवा हिस्सा उचलतो. पिचर घेताना तुम्ही खरं तर हा हिस्सा विकत घेत असता.

फेब्रुवारीतली गर्दी म्हणजे जादा माल नव्हे

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. २०२४ च्या फेब्रुवारीत रेड्सच्या इन्फिल्डची (बेसांजवळच्या क्षेत्ररक्षकांची) यादी वाचायला दम लागायचा. एली दे ला क्रूझ, मॅट मॅक्लेन, जोनाथन इंडिया, नोएल्वी मार्ते, स्पेन्सर स्टीअर, ख्रिश्चन एन्कार्नासिऑन-स्ट्रँड, आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी हाइमर कँडेलारिओला तीन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर देऊन आणलेलं. जागा चार, गडी सात. (इंडियाच्या आडनावामुळे आमच्या घरी त्याचं उगीचच कौतुक. अमेरिकेत वाढलेल्या आमच्या पोरांना तो आपला कुणी लांबचा नातलग वाटायचा.) जो तो म्हणत होता, यातले दोन द्या आणि एक पिचर आणा.

मग हंगाम सुरू व्हायच्या आधीच मार्तेवर ८० सामन्यांची बंदी आली. मॅक्लेनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. एन्कार्नासिऑन-स्ट्रँडचं मनगट गेलं. सातातले तीन बाद. त्या फेब्रुवारीत इंडियाला दिलं असतं तर मे महिन्यात दुसऱ्या बेसवर कोण उभं राहिलं असतं, हे तुम्हीच ठरवा. संघ ७७ सामने जिंकून थांबला. पिचर आणूनही तो फारसा पुढे गेला असता असं मला वाटत नाही.

इंडियाला त्यांनी शेवटी दिलंच, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये. बदल्यात कॅन्सस सिटीकडून ब्रेडी सिंगर आला. तोपर्यंत कोण परत येतोय, कोणाचं काय दुखतंय, हे स्पष्ट झालं होतं. फ्री एजंट (करारातून मोकळा) व्हायला दोघांचीही दोन-दोन वर्षं बाकी होती, त्यामुळे काट्याला काटा. सिंगरने आदल्या वर्षी १७९ इनिंग टाकल्या होत्या, आणि नव्या संघातही तो हंगामभर आपली वेळ न चुकवता टाकत राहिला. २०२५ मध्ये रेड्स ८३ विजयांवर शेवटच्या वाइल्ड कार्डमधून, म्हणजे गटविजेते नसलेल्यांच्या राखीव जागेतून, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) शिरले. असं असूनही त्याच जुलैमध्ये त्यांना पिट्सबर्गहून तिसऱ्या बेससाठी कीब्रायन हेजला आणावं लागलं. दीड वर्षापूर्वी सात गडी होते त्याच इन्फिल्डसाठी!

यातून माझा एक घरगुती नियम झालाय. जादा गडी मोजताना प्रत्येक जागेवरचा एक माणूस आजारी आहे असं समजायचं आणि मग मोजायचं. तरीही कुणी उरला तर तो खरा जादा. दुसरं म्हणजे जागा बघायची. पाच शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले क्षेत्ररक्षक) असणं ही गर्दी नव्हे, कारण शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसवर जातो, तिसऱ्यावर जातो, वेळ पडली तर सेंटर फील्डलाही निभावतो. दोन पहिल्या बेसवाले ही मात्र खरी गर्दी. पण तुमची ही अडचण बाजारालाही ठाऊक असते, म्हणून पहिल्या बेसवाल्याला भाव कमी येतो. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी रेड्सची) डीएच, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता नुसती बॅटिंग करणारा गडी, आल्याने एकाला बॅटिंगपुरती जागा मिळते. त्याआधी, २०२० चा हंगाम सोडला तर, तीही सोय नव्हती.

समोरचा जादा मागत नाही, चांगला मागतो

आता १९६५. त्या वर्षी रेड्सनी नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त, ८२५ धावा केल्या. जिम मलोनी आणि सॅमी एलिस या दोघांनी वीस किंवा त्याहून जास्त विजय मिळवले. तरी संघ चौथा, कारण तिसरा भरवशाचा स्टार्टर नव्हता. निदान अगदी बरोबर होतं. धावा उदंड, पिचिंग तोकडं, तर धावा देऊन पिचिंग आणू.

पण दिलं कोणाला? फ्रँक रॉबिन्सनला. १९६१ चा लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), १९६५ च्या हंगामात ३३ होमरन आणि ११३ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा). मालक बिल डीविट यांचं म्हणणं असं की तिशी गाठलेला रॉबिन्सन तिशीपेक्षा म्हातारा आहे. ९ डिसेंबर १९६५ ला तो बाल्टिमोरला गेला आणि बदल्यात पिचर मिल्ट पॅपस, रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) जॅक बाल्डशुन आणि तरुण आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) डिक सिम्पसन आले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने ॲमेरिकन लीगमध्ये ट्रिपल क्राउन घेतला, म्हणजे .३१६ सरासरी, ४९ होमरन आणि १२२ आरबीआय, तिन्हींत पहिला. बाल्टिमोरने डॉजर्सना चार-शून्य हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. पॅपस सिनसिनाटीत १२-११ (१२ विजय, ११ पराभव) राहिला, त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, बाल्टिमोरच्या २.६० वरून ४.२९ वर गेला. आदल्या वर्षी २२ विजय मिळवणारा एलिस त्याच हंगामात १९ सामने हरला. तिसरा पिचर शोधायला निघालेल्या संघाचा दुसराही हरवला. रेड्स सातवे.

या सौद्याला लोक 'वाईट अंदाज' म्हणतात. मला तो त्याहून साध्या प्रकारचा वाटतो. धावा जादा होत्या हे खरं, पण रॉबिन्सन जादा नव्हता. संघात एकूण बॅटिंग भरपूर असणं आणि एखादा विशिष्ट फलंदाज नकोसा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलणी करता करता त्या कधी एक होतात ते कळत नाही. तुम्ही सांगता, 'आमच्याकडे आउटफिल्डर जास्त आहेत.' समोरचा म्हणतो, 'वा, मग तो पहिला द्या.' इथे फोन ठेवता आला पाहिजे.

याला अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. नोव्हेंबर २००७ मध्ये टॅम्पा बेने डेल्मन यंगला मिनेसोटाला दिलं. हा २००३ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) अगदी पहिला गडी, २००७ च्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा. म्हणजे त्यांनीही ताटातला मोठा लाडूच दिला. पण कार्ल क्रॉफर्ड आणि बी. जे. अप्टन आउटफिल्डमध्ये आधीच होते, आणि यंग बेस-ऑन-बॉल्स (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा पहिला बेस) जवळजवळ घ्यायचाच नाही, जे येईल त्यावर बॅट फिरवायचा. नाव मोठं, खेळ त्यामानाने लहान. असा गडी नावाच्या भावात जात असेल तर तो द्यावा.

विजयांचा रकाना झाकून ठेवा

पिचरच्या नावापुढचे विजय बघून भुलणं ही जुन्या काळची चूक, पण फॅन्टसीवाले ती आजही करतात. जून १९६४ मध्ये शिकागो कब्जनी लू ब्रॉकला सेंट लुईसला दिलं आणि आदल्या वर्षी १८ सामने जिंकलेला अर्नी ब्रॉग्लिओ घेतला. कोपराने त्याला दगा दिला. शिकागोत तीन हंगामांत मिळून ७ विजय, १९ पराभव. ब्रॉकने उरलेल्या हंगामात .३४८ ने बॅटिंग केली, सेंट लुईसने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज घेतली, आणि त्याची कारकीर्द ९३८ चोरलेल्या बेसांवर संपली.

उलट टोकाचं उदाहरण २००६ च्या मार्चमधलं. रेड्सकडे केन ग्रिफी ज्युनिअर, ॲडम डन, ऑस्टिन कर्न्स आणि विली मो पेन्या असे चार आउटफिल्डर होते आणि जागा तीन. पेन्या चोवीस वर्षांचा, चेंडू लागला तर नदीत पाठवणारा, पण लागायचा फार कमी. त्यांनी तोच दिला आणि बॉस्टनकडून ब्रॉन्सन अरोयो आणला. अरोयोचा वेग बेताचा, नाव बेताचं, नजरेत भरण्यासारखं काही नाही. पण त्याचा हात दुखत नसे. पहिल्याच वर्षी त्याने २४०.२ इनिंग टाकल्या, लीगमध्ये सर्वाधिक. १,४५८ शी भागून बघा, जवळजवळ सहावा हिस्सा. त्यानंतरची सात वर्षं एकदाही १९९ च्या खाली गेला नाही.

या संघाच्या सगळ्या सौद्यांत मला हा सर्वात आवडतो. चौघांतला खरोखरचा चौथा दिला आणि बदल्यात चमक न मागता इनिंग मागितल्या. (बिचाऱ्या अरोयोने बॉस्टनमध्येच राहता यावं म्हणून दोनच महिन्यांपूर्वी बाजारभावापेक्षा कमी पैशांत तीन वर्षांचा करार केला होता. स्वस्त करारामुळे तो विकायला आणखीच सोपा झाला.)

जुलैतली घाई

आणि त्याच माणसांनी, त्याच वर्षी, चारच महिन्यांनी काय केलं बघा. जुलै २००६, रेड्स शर्यतीत आहेत, बुलपेन (रिलीव्हरांचा ताफा) रोज सामने घालवतंय. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी अवस्था. १३ जुलैला त्यांनी कर्न्स, शॉर्टस्टॉप फेलिपे लोपेझ आणि पिचर रायन वॅग्नर वॉशिंग्टनला दिले, आणि प्रामुख्याने बिल ब्रे आणि गॅरी मजेस्की हे दोन रिलीव्हर आणले. रोज खेळणारे दोन गडी गेले आणि दिवसाला एखाद-दुसरी इनिंग टाकणारे दोघं आले. वर मजेस्कीचा खांदा दुखतच होता. सौद्याआधी त्याने कॉर्टिझोनचं इंजेक्शन घेतलं होतं, आणि हे आपल्याला सांगितलं नाही अशी तक्रार रेड्सनी नंतर लीगकडे केली. ब्रे पुढे काही वर्षं कामाचा ठरला, पण त्या उन्हाळ्यात हवं होतं ते मिळालं नाही. संघ ८० सामने जिंकून संपला, आणि सेंट लुईसने नुसत्या ८३ विजयांवर डिव्हिजन (दोघांचा गट) घेऊन पुढे वर्ल्ड सिरीजही मारली. साडेतीन सामन्यांचं अंतर. एवढं स्वस्त झालेलं डिव्हिजन पुन्हा कधी मिळणार?

रिलीव्हर विकत घेताना इनिंगचा हिशेब पुन्हा करा. ऑगस्ट १९९० च्या शेवटी बॉस्टनने लॅरी अँडरसन हा ३७ वर्षांचा रिलीव्हर आणला. त्याने छानच टाकलं, पण टाकल्या एकूण २२ इनिंग. बदल्यात दिलेला पोरगा तिसऱ्या बेसवर खेळायचा. तिथे वेड बॉग्ज बसलेला, म्हणून तो 'जादा'. त्याचं नाव जेफ बॅगवेल. ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर हलवलं आणि पंधरा वर्षं तो तिथेच राहिला, ४४९ होमरन, १९९४ चा एमव्हीपी, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम. बॉस्टनला जागा दिसली ती एकच, तिसरा बेस. याच खेळाडूला दुसरीकडे उभं करता येईल का, हा प्रश्न विचारायलाच कुणी थांबलं नाही.

पण दर वेळी रिलीव्हर घेणं मूर्खपणाच असतो असं नाही. जुलै २०१६ मध्ये कब्जनी ग्लेबर टॉरेस आणि आणखी तिघं देऊन अरोल्डिस चॅपमनला न्यूयॉर्कहून आणलं, तेही तीन महिन्यांसाठीच. हंगाम संपल्यावर तो न्यूयॉर्कलाच परत गेला. १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकायची संधी समोर होती, शॉर्टस्टॉपला ॲडिसन रसेल आणि हावी बाएझ होते, आणि आपण किती महाग घेतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. जिंकलेही, जरी सातव्या सामन्यात चॅपमनने बरोबरीचा होमरन देऊन सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता. डोळे उघडे ठेवून दिलेली जास्तीची किंमत मला चालते. रेड्स २००६ मध्ये तशा जागी नव्हते. पन्नास टक्के सामने जिंकणाऱ्या संघाने अशी किंमत मोजायची नसते.

आणि तब्येतीचे कागद. खऱ्या संघांत दोन्ही बाजूंचे डॉक्टर फाइल बघतात, मगच सौदा पक्का होतो. तरीही गोंधळ होतात. २०१६ मध्ये सॅन डिएगोचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना ड्रू पोमरान्झच्या सौद्यात वैद्यकीय माहिती पूर्ण न दिल्याबद्दल लीगने ३० दिवस निलंबित केलं. फॅन्टसीवाल्यांना फाइल मिळत नाही, पण पिचरचा सरासरी वेग रोज जाहीर होतो. गेल्या तीन-चार सामन्यांत फास्टबॉल ताशी दोन मैलांनी उतरला असेल तर मित्र कितीही गोड बोलला तरी हात आखडता घ्या.

पेटीतले आंबे एकदम पिकतात

आतापर्यंत मी घाई करू नका म्हणत होतो. आता उलटं सांगतो, कारण नुसतं साठवून ठेवणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक आहे. तरुण खेळाडूला ४० जणांच्या यादीत घेतलं की साधारण तीन वर्षं त्याला मायनर लीगला खाली-वर करता येतं. ती तीन 'ऑप्शन' वर्षं संपली की तो २६ जणांत हवा, नाहीतर वेव्हरवर, म्हणजे दुसरा कुणीही उचलून नेणार. हे सगळ्या संघांना दिसतं. मार्च उजाडला आणि तुमच्याकडे ऑप्शन संपलेले दोघं एकाच जागेसाठी असले की भाव पडलाच. पेटीतले आंबे एकदम पिकले की शेजाऱ्यांना फुकट वाटावे लागतात, तसंच.

बाल्टिमोरकडे २०२३ च्या १०१ विजयांनंतर अशीच भरलेली पेटी होती. जॅक्सन हॉलिडे, जॉर्डन वेस्टबर्ग, कोबी मेयो, हेस्टन केर्स्टाड, जोई ऑर्टिझ, कॉनर नॉर्बी, काइल स्टाउअर्स. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑर्टिझ आणि पिचर डी. एल. हॉल देऊन त्यांनी कॉर्बिन बर्न्स आणला. बर्न्स १५-९, ईआरए २.९२, उत्तम सौदा, पण एका वर्षापुरता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या तोडीचा कुणी आणला नाही. फळीवरचे बाकीचे आंबे तसेच राहिले. २०२५ मध्ये केर्स्टाडची बॅट थंडावली आणि त्याला ट्रिपल-एला (मायनर लीगच्या वरच्या पायरीला) परत जावं लागलं, मेयो चाचपडत होता, आणि संघ ७५ विजयांसह डिव्हिजनच्या तळाला गेला. २०२३ च्या डिसेंबरात या पोरांना जो भाव आला असता तो पुन्हा येईल असं मला वाटत नाही.

एका कोपरावर घर बांधू नका

डिसेंबर २००७. रेड्सकडे पुन्हा आउटफिल्डर जास्त. ग्रिफी आणि डन आहेत, जे ब्रूस दारात उभा आहे. म्हणून जॉश हॅमिल्टन टेक्सासला दिला आणि एडिन्सन व्होल्केझ घेतला. पहिल्या वर्षी दोन्ही बाजू खूश. हॅमिल्टनने १३० आरबीआय केले, व्होल्केझ १७-६, ईआरए ३.२१. पुढच्याच वर्षी व्होल्केझच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे दुसरीकडची कंडरा (टेंडन) कोपरात बसवणं आणि वर्ष-दीड वर्ष घरी. २०१० मध्ये हॅमिल्टन एमव्हीपी झाला आणि टेक्सास वर्ल्ड सिरीजला पोचलं. त्याच ऑक्टोबरमध्ये रेड्सनी प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात व्होल्केझला उतरवलं, आणि समोर फिलाडेल्फियाच्या रॉय हॅलडेने नो-हिटर (एकही हिट न देता अख्खा सामना) टाकला. नशीबही कधी कधी ठरवून चेष्टा करतं.

आणि ते 'जास्त' आउटफिल्डर? ऑगस्ट २००८ च्या मध्यापर्यंत ग्रिफी शिकागोला आणि डन ॲरिझोनाला गेला होता. आठ महिन्यांत आउटफिल्ड रिकामं.

पिचरचं कोपर कधी जाईल हे कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे एका मोठ्या फलंदाजाच्या बदल्यात एकच पिचर आणि बाकी काही नाही, असा सौदा मी टाळतो. एक पिचर अधिक दुसरं काहीतरी, मग तो शॉर्टस्टॉप असो नाहीतर खालच्या लीगमधला पिचर, असं मागावं. टॅम्पा बेने यंगच्या सौद्यात नेमकं हेच केलं. मॅट गार्झाबरोबर त्यांनी शॉर्टस्टॉप जेसन बार्टलेटही मागून घेतला, कारण पिचरने जमिनीवर मारायला लावलेला चेंडू पकडायलाही कुणीतरी लागतं. त्यांनी दिलेल्या धावा २००७ मधल्या ९४४ वरून २००८ मध्ये ६७१ वर आल्या. ६६ विजयांचा संघ ९७ वर गेला आणि थेट वर्ल्ड सिरीजला पोचला. एवढी सगळी कमाई या दोघांची नव्हे, पण पिचिंगचा इलाज अर्धा क्षेत्ररक्षणात असतो, हे पिचर शोधणारे हमखास विसरतात.

मैदानाबद्दल थोडक्यात. मोठ्या मैदानातून छोट्या मैदानात पिचर आणताना ईआरए जसाच्या तसा वाचू नका. तो किती जणांना स्ट्राइकआउट (चेंडू खेळू न देता बाद) करतो, किती चेंडू जमिनीवर मारायला लावतो, ते बघा. डिसेंबर २०११ मध्ये रेड्सनी सॅन डिएगोच्या तेव्हाच्या अवाढव्य मैदानातून मॅट लॅटोस आणला तेव्हा सगळ्यांना हीच धास्ती होती. पण त्याचे स्ट्राइकआउट खरे होते, म्हणून नदीकाठीही ते टिकले. पहिल्या वर्षी १४-४ आणि संघाचे ९७ विजय. त्या सौद्यात यॉन्डर अलॉन्सो गेला, कारण पहिल्या बेसवर जोई व्होटो होता. कॅचर यास्मानी ग्रँडाल गेला, कारण डेव्हिन मेसोराको होता. व्होटोच्या बाबतीत हिशेब पक्का निघाला. मेसोराको मात्र २०१४ च्या एका झकास हंगामानंतर खुब्याच्या आणि खांद्याच्या दुखण्यांत अडकला, आणि ग्रँडाल पुढे ऑल-स्टार झाला. जादा कॅचर असा काही प्रकार नसतो, हे मी त्या दिवसापासून मानतो.

सौदा होऊन गेलाय आणि बिनसलंय, आता काय?

आधी ईआरए बघणं बंद करा, निदान आठ-दहा सामने होईपर्यंत. वेग पूर्वीइतकाच आहे का, बेस-ऑन-बॉल्स वाढलेत का, एवढंच बघा. वेग शाबूत आणि बेस-ऑन-बॉल्स कमी, तरी धावा जात असतील, तर बहुतेक वेळा क्षेत्ररक्षण किंवा निव्वळ दैव आडवं येतंय, थांबा. वेग उतरलाय तर डॉक्टर. वेग आहे पण चेंडू भरकटतोय, तर पिचिंग कोचचं काम, आणि त्याला बहुधा हिवाळा लागतो. या तिन्हींतलं काहीही असलं तरी गेलेला फलंदाज परत मिळवायला दुसरा सौदा करू नका. त्या वेळी तुमच्या पिचरचा भाव तळाला असतो.

थांबण्याचं ताजं उदाहरण ट्रेव्हर रॉजर्स. जुलै २०२४ मध्ये बाल्टिमोरने नॉर्बी आणि स्टाउअर्स मायामीला देऊन तो आणला. चार सामन्यांत ईआरए ७.११, रवानगी थेट मायनर लीगला. २०२५ ची सुरुवातही गुडघ्याच्या दुखण्याने हुकली, आणि इकडे स्टाउअर्स मायामीसाठी होमरन मारत ऑल-स्टार झाला. सौदा बुडाला असंच सगळे धरून चालले होते. मग रॉजर्स परतला आणि उरलेल्या हंगामात १८ सामने, ९-३, ईआरए १.८१.

आमच्या लीगमध्ये रॉजर्स माझ्याकडे होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये, गुडघ्याची बातमी वाचून, जागा अडवतोय म्हणून मी त्याला सोडून दिला. कुणी उचलला ते सांगत नाही. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला, आणि या वेळी हात जोडलेले इमोजी ओळीने अठरा होते.